पट्ट्यांवर जाऊ नका

धण्यासाठी सोडलेली कोथिंबीर जानेवारीत फुलावर आली की सकाळी नऊ-दहाच्या उन्हात तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्यांची दाटी होते. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या आसपास, विहिरीच्या कडेला असे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे हमखास सापडतात. एखाद्या तुऱ्याजवळ गुडघे टेकून बसावं. माशी येते, तुऱ्याच्या वर वीतभर अंतरावर हवेत जागच्या जागी थांबते, पंख दिसेनासे होतात, मग अलगद उतरून सोंडेनं पराग टिपायला लागते. शेजारी दुसरी उतरते, पलीकडे तिसरी. तिघी पिवळ्या, तिघींच्या पोटावर काळे पट्टे, तिघी सेंटिमीटरच्या आतबाहेर. बघणारा म्हणतो, सगळ्या एकच. खरं तर त्या तीन निरनिराळ्या वंशांतल्या असू शकतात, आणि पोटावरचे पट्टे कितीही वेळ निरखले तरी ते कळण्याची खात्री नसते.

शेतीच्या पुस्तिकांमध्ये हिला सिरफिड माशी म्हणतात, निसर्गाचा छंद असलेली मंडळी होव्हरफ्लाय म्हणतात. सिर्फिडी या कुलात जगभरात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. भारतातून आजवर साडेतीनशेच्या आसपास नोंदल्या गेल्यात. पक्षी आणि फुलपाखरं ओळखायला शिकलेले खूप लोक आता महाराष्ट्रात आहेत, चतुर आणि टाचण्या ओळखणारेही वाढलेत. माश्यांकडे मात्र फार थोडे वळतात. माझ्या मते त्याचं कारण किळस हे नाही. या माश्या देखण्या आहेत, फोटो सगळेच काढतात. अडतं ते पुढच्या पायरीवर. दोन फोटो शेजारी ठेवले की दोन्ही सारखे दिसतात, वेगळं काय बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि माणूस कंटाळून पुन्हा फुलपाखरांकडे जातो. हा लेख त्या अडलेल्या माणसासाठी आहे.

पहिली अडचण तर कुलाचीच असते. त्या कोथिंबिरीच्या मालकीणबाई खुरपं बाजूला ठेवून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, चावत्यात का वो ह्या? गांधीलमाशीची पिल्लं म्हणायची का?"

"नाही काकू, ह्यांना नांगीच नसते. हातावर बसली तरी घाम चाटते आणि जाते."

प्रश्न अगदी रास्त होता. पिवळा-काळा रंग गांधीलमाशीचाच आहे. पण गांधीलमाशीला आणि मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या उरलेल्या असतात. सिरफिडची स्पर्शिका सहसा आखूड असते, पुढे लांब आलेली नसते, आणि डोळ्यांनी डोक्याचा बहुतेक भाग व्यापलेला असतो. एवढ्यावर ती माशी आहे हे नक्की होतं. सिरफिडच आहे का, हे पंख सांगतो. पंखाच्या मधल्या भागात, लांबीच्या दिशेनं, एक फिकट रेघ जाते. ती शीर दिसते पण शीर नसते. पंखाच्या पडद्यावरची ती एक जाडसर घडी आहे, दोन्ही टोकांना कशालाच न जोडलेली. शास्त्रात तिला खोटी शीर म्हणतात. काही अपवाद सोडले तर साऱ्या सिरफिड माश्यांच्या पंखावर ती असते. शिवाय पंखाच्या मागच्या काठाला समांतर अशा शिरा जाऊन आतल्या बाजूला दुसरा काठ आखल्यासारखा दिसतो. फोटोत पंखावर उजेड नीट पडला असेल तर दोन्ही खुणा मोबाइलवरही दिसतात.

आता पट्ट्यांचं. हे पट्टे कुणासाठी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ते पक्ष्यांसाठी आहेत. एकदा गांधीलमाशीचा डंख खाल्लेला पक्षी पिवळं-काळं दिसलं की पुन्हा तोंड घालत नाही, आणि डंख नसलेल्या माशीला त्या भीतीचा आयता फायदा मिळतो. हेन्री वॉल्टर बेट्सनं १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून या प्रकारच्या नकलेचं स्पष्टीकरण दिलं, आणि सिरफिड माश्या आज त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणून शिकवल्या जातात. म्हणजे काय, तर जी गोष्ट आपल्याला सर्वांत आधी दिसते ती दिसावी म्हणूनच घडली आहे, आणि या कुलातल्या दूरदूरच्या वंशांनी तोच पेहराव उचलला आहे. पेहरावावरून नातं कसं ठरवणार? नातं सांगणाऱ्या खुणा पक्ष्याच्या नजरेत न भरणाऱ्या जागी असतात: मांडीच्या सांध्यावर, डोळ्यांच्या केसांत, पंखातल्या एखाद्या शिरेच्या वळणात. नवख्यानं शिकायची गोष्ट मला एवढीच वाटते, की नजर पोटावरून काढून तिथं न्यायची.

पट्टे आणखी एका कारणानं फसवतात. ते हवामानाप्रमाणे बदलतात. एपिसिर्फस बाल्टिएटस या जातीवर युरोपात झालेल्या प्रयोगांत दिसलं, की कोषात असताना थंडी लागली तर बाहेर पडणारी माशी गडद होते, काळे पट्टे रुंदावतात. उष्णतेत वाढलेली फिकट नारिंगी निघते. आईबाप तेच, जात तीच. त्यामुळे डिसेंबरात महाबळेश्वरला टिपलेली काळपट माशी आणि एप्रिलमध्ये पुण्यात टिपलेली उजळ माशी, एवढ्यावरून त्या दोन जाती म्हणता येत नाहीत.

कोथिंबिरीवरच्या त्या तिघींकडे परत येऊ. आपल्याकडच्या शेतात सर्वांत जास्त भेटणारी बहुधा इस्किओडॉन स्कुटेलॅरिस. मोहरी, करडई, कोथिंबीर, गाजर बियाण्याचं पीक, जिथं मावा आणि उघडी फुलं जवळजवळ असतील तिथं ती असते. छाती काळी, चकचकीत, किंचित तांब्याची झाक. छातीच्या दोन्ही कडांना स्वच्छ पिवळी रेघ. पोटाच्या पुढच्या भागात दोन सुटे पिवळे डाग, त्याखाली वाकडे पिवळे पट्टे. हे वर्णन वाचून कुणीही म्हणेल, सोपं आहे. आणि नेमक्या त्याच वर्णनाची दुसरी माशी त्याच तुऱ्यावर बसलेली असते, स्फीरोफोरिया. काळी छाती, कडांना पिवळी रेघ, पोटावर पिवळे पट्टे. मग?

मग आधी नर की मादी ते ठरवायचं. हे न करता खुणा जुळवायला बसलं की सगळा घोळ होतो, कारण कित्येक खुणा एकाच लिंगात असतात. बहुतेक सिरफिड जातींमध्ये नराचे दोन्ही डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात; मादीच्या डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी मोकळी राहते. वरून घेतलेल्या एका फोटोत हे कळतं.

नर असेल तर काम निभावतं. स्फीरोफोरियाच्या नराचं पोट अरुंद, लांब, दोन्ही कडा समांतर, आणि टोकाला खालच्या बाजूला वळवून ठेवलेला जननेंद्रियाचा मोठा गोल फुगवटा. शरीराच्या मानानं तो इतका मोठा असतो की बाजूनं बघितलं तर नजरेतून सुटत नाही. इस्किओडॉनच्या नराला असा फुगवटा नसतो, पण त्याच्याजवळ दुसरी खूण आहे, आणि या सबंध कुलातली मला सर्वांत आवडणारी खूण तीच. मागच्या पायाची मांडी जिथं धडाला मिळते तिथं मध्ये एक छोटं पेर असतं, ट्रोकँटर. इस्किओडॉनच्या नरात या पेरापासून एक लांबट काटा निघतो. मागच्या दोन्ही पायांना एकेक. वरून तो कधीच दिसत नाही. माशी फुलाच्या कडेला लोंबकळत असेल, किंवा पारदर्शक डबीच्या काचेला पोट लावून चालत असेल, तेव्हा खालून दहा पटीच्या भिंगातून बघितलं की दोन पिवळसर काटे मांडीच्या मुळाशी उभे दिसतात. ते दिसले की पोटाचे पट्टे रुंद आहेत की अरुंद, मधे तुटलेत की सलग, याची चर्चा संपते.

मादीत काटाही नाही आणि फुगवटाही नाही. तिथं छातीच्या मागे असलेला छोटा त्रिकोणी तुकडा, स्कुटेलम, मदतीला येतो. इस्किओडॉन स्कुटेलॅरिसमध्ये त्याच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग तपकिरी-काळपट असतो. स्फीरोफोरियात तो सहसा सगळा पिवळा असतो. पोटाची ठेवणही बघावी, इस्किओडॉनचं जरा रुंद आणि भरलेलं. या दोन गोष्टींवर वंश बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतो. पण स्फीरोफोरिया ठरली तरी तिची जात कोणती, हे मादीवरून तज्ज्ञही सहसा सांगत नाहीत. या वंशातल्या जाती नराच्या त्या फुगवट्याच्या आतल्या रचनेवरून वेगळ्या केल्या आहेत. "स्फीरोफोरिया, मादी" एवढं लिहून थांबणं हे तिथं पूर्ण उत्तर असतं.

हे सगळं बघायला माशी मारावी लागत नाही. थंडीतली सकाळ निवडावी. ऊन अंगावर येईपर्यंत माश्या पंख पसरून पानावर बसून राहतात, जवळ गेलं तरी लगेच उडत नाहीत. दुपारी बाराला गेलात तर नुसती धावपळ. औषधाची स्वच्छ पारदर्शक बाटली किंवा छोटी प्लास्टिकची डबी वरून घालून झाकण सरकवलं की माशी आत येते. दोन-चार मिनिटं सावलीत ठेवली की शांत होते. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग पुरतं. फोटो काढायचे तर किमान चार: वरून, बाजूनं, समोरून चेहऱ्याचा, आणि एक असा की ज्यात मागचे पाय मुळापर्यंत दिसतील. आपल्याकडे लोक एक सुंदर फोटो काढतात, पार्श्वभूमी धूसर, प्रकाश छान, आणि त्यात पाय फुलाखाली गेलेले असतात. ओळखण्यासाठी पाय दिसणारा साधा फोटो त्याहून कितीतरी मोलाचा.

तिसरी माशी नारिंगी, नाजूक, एपिसिर्फस. पट्ट्यांवर जाऊ नका असं म्हणत आले, पण या एका वंशात पट्टे खरंच मदत करतात. पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर प्रत्येकी दोन काळ्या रेघा असतात: मागे रुंद, आणि तिच्या पुढे एक बारीक, मधोमध किंचित खाली वळलेली, थेट मिशीसारखी. ही मिशी पाहिली की एपिसिर्फसपर्यंत पोचता येतं. त्याच्या पुढे जपून. दूरवर पसरलेली एपिसिर्फस बाल्टिएटस द गीर यानं १७७६ मध्ये वर्णिली; आणि आपल्या भागात तिच्या अगदी जवळची एपिसिर्फस विरिडॉरियस आहे, विडेमाननं १८२४ मध्ये नाव दिलेली. पुस्तिकांमध्ये आणि फोटोंखाली मात्र सरसकट बाल्टिएटस असं लिहिलेलं आढळतं, कारण तेच नाव प्रसिद्ध आहे. मोबाइलवरचं ॲप फोटो बघून नाव सुचवतं, तेही ज्या नावाचे फोटो त्याच्याकडे जास्त, तिकडे झुकतं. नाव सुचवलं म्हणजे माशी ओळखली असं होत नाही. कोणत्या खुणेवरून, हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर नसेल तर "एपिसिर्फस" इतकंच लिहावं.

काही मंडळी सोपीही आहेत. घाटात आणि कोकणात पंखाच्या मधोमध मोठा काळसर डाग असलेली दिसली तर डिडिऑप्सिस एग्रोटा. पोट रुंद, चपटं, नारिंगी, जणू दाबून बसवलेलं, ती असार्किना. कंबर बारीक, पोटाचं टोक रुंद, सावलीत झुडपांमधून रेंगाळणारी, ती ॲलोबाक्का. मागच्या मांड्या शरीराच्या मानानं भलत्याच जाड, ती सिरिट्टा. यांच्यापासून सुरुवात केली तर हुरूप टिकतो.

दुसरा मोठा गट मधमाशीची नक्कल करणाऱ्यांचा. झेंडूच्या शेतात, गावच्या ओढ्याकाठी, सांडपाण्याच्या जवळच्या फुलांवर या दिसतात: जाडसर, तपकिरी, केसाळ. इथं पंख बघावा. पंखाच्या वरच्या अर्ध्यातून जाणारी एक मुख्य शीर मधेच खाली खोल बुडी मारून पुन्हा वर येते. हे वळण दिसलं की एरिस्टॅलिस आणि तिचे भाईबंद. त्यातही डोळ्यांवर गडद ठिपके विखुरलेले असतील तर ती एरिस्टॅलिनस. ठिपक्यांचे हे डोळे जवळून बघावेत असेच असतात, सोनेरी-करड्या पृष्ठावर वेडेवाकडे तपकिरी थेंब. हिच्या अळ्या घाण पाण्यात, शेणाच्या गाळात वाढतात. मागे लांबणारी श्वसननळी पाण्याच्या वर काढून श्वास घेतात.

या गटानं माणसाला फार पूर्वीपासून चकवलं आहे. मेलेल्या बैलाच्या देहातून मधमाश्या जन्मतात अशी प्राचीन भूमध्य प्रदेशात समजूत होती. रोमन कवी व्हर्जिलनं तो विधी आपल्या शेतीवरच्या काव्यात सविस्तर दिला आहे. ओस्टेन-साकेन या माशीतज्ज्ञानं १८९४ मध्ये ग्रंथ लिहून दाखवलं, की कुजत्या देहाच्या द्रवातून बाहेर येणाऱ्या त्या मधमाश्या नव्हत्या, त्या एरिस्टॅलिस टेनॅक्स होत्या. अळ्यांच्या बाबतीत तर विद्वानही सुटले नाहीत. मायक्रोडॉन या सिरफिडची अळी मुंग्यांच्या वारुळात राहते, घुमटाकार, पाय नसलेली, सरपटणारी. ब्राझीलच्या मोहिमेमुळे नावाजलेल्या श्पिक्स या प्राणिशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये तिला गोगलगायींच्या वर्गात घालून नवं नाव दिलं होतं.

पट्ट्यांच्या माश्यांच्या अळ्या निराळ्या. त्या माव्यावर जगतात. मादी माव्याच्या वसाहतीत एकेक पांढरं, लांबट अंडं घालून जाते. अळी हिरवट, पायांशिवाय, डोळ्यांशिवाय. पुढचं टोक डावी-उजवीकडे फिरवत चाचपते, मावा लागला की टोचून वर उचलते आणि शोषून रिकामं कातडं टाकून देते. कोषात जाईपर्यंत एक अळी शेकड्यांनी मावा संपवते. करडईवर काळा मावा आला की मराठवाड्यात आणि सोलापूरकडे शेंड्यावर बारकाईनं बघितलं तर या अळ्या सापडतात. मात्र बरेच शेतकरी ती कीड समजून चिरडतात. काकूंचे यजमान फवारणीचा पंप दाखवत म्हणाले, "फवारा मारला की आधी ह्याच मरत्यात. मावा चार दिवसांनी परत येतो." त्यांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

जात कळण्याचा शेतीशी काय संबंध, असं कुणी विचारील. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी करणं कठीण, म्हणून नैसर्गिक शत्रूंचा शोध सुरू झाला. डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकांची नावं तेव्हा ऊसवाल्या गावांत घरोघरी पोचली. त्याच माव्यावर सिरफिडही सापडली: युपिओडिस कॉन्फ्रेटर. कोथिंबिरीवरच्या इस्किओडॉनशेजारी ती ठेवली तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणखी एक माशी, एवढंच वाटेल. फरक छातीच्या कडेला आहे. युपिओडिसला तिथं स्वच्छ आखलेली पिवळी रेघ नसते. कोणती माशी कोणत्या माव्यावर, कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात, हे नावाशिवाय नोंदवताच येत नाही. कीटकशास्त्रात एम.एस्सी. करणारा एक विद्यार्थी मला म्हणाला, "मॅडम, आमच्या तक्त्यात रकाने तीन: झाडामागे मावा किती, लेडीबर्ड किती, सिरफिड किती. सिरफिड कोणती, हा रकानाच नाही." अशा तक्त्यांत आपली बरीच माहिती एका शब्दात गोळा होऊन पडली आहे, आणि तिची पुन्हा जातवार फोड करता येणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

नवख्याला हात कसा द्यावा, हे शिकायला ब्रिटनकडे बघावं. तिथं या माश्यांच्या सुमारे २८० जाती. १९७६ पासून तिथं होव्हरफ्लायच्या नोंदी गोळा करण्याची योजना चालू आहे, आणि ती बहुतांशी हौशी लोकांवर चालते. १९८३ मध्ये ॲलन स्टब्ज आणि स्टीव्हन फॉक यांचं मार्गदर्शक पुस्तक आलं, फॉकच्या रंगीत चित्रांसह, आणि त्यावर एक पिढी शिकली. पुढे स्टुअर्ट बॉल आणि रॉजर मॉरिस यांनी फोटोंचं, खिशात मावणारं पुस्तक २०१३ मध्ये काढलं. त्यात प्रत्येक जातीपुढे ती फोटोवरून ओळखता येते का, भिंग लागतं का, सूक्ष्मदर्शक लागतो का, हे सांगितलेलं असतं. नवख्याला याहून मोठा दिलासा नाही.

त्यांच्याकडची नेहमीची डोकेदुखी म्हणजे सिर्फस वंशातल्या तीन जाती: रिबेसाय, व्हिट्रिपेनिस आणि टॉर्व्हस. वरून बघितलं तर तिघी हुबेहूब. टॉर्व्हसच्या डोळ्यांवर केस असतात, म्हणून ती बाजूला निघते. उरलेल्या दोघींत मादी असेल तर मागची मांडी बघायची: पूर्ण पिवळी असेल तर रिबेसाय, बराच भाग काळा असेल तर व्हिट्रिपेनिस. नर असेल तर ही खूण चालत नाही, दोन्हींच्या मांड्या काळ्या. तिथं पंखाच्या एका विशिष्ट कप्प्यावर सूक्ष्म लव सगळीकडे आहे की मधे मोकळी जागा आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. खुणा पुन्हा त्याच जागी: डोळा, मांडी, पंख. पोटाचं नाव नाही.

तिथल्याच लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं घराच्या बागेतल्या जीवांची मोजदाद केली. एकूण २,६७३ जाती, त्यात सिरफिड माश्यांच्या ९४. देशातल्या साधारण एक तृतीयांश जाती एका घराच्या कुंपणाच्या आत. आपल्या पुण्या-नाशकातल्या, कोल्हापूर-सावंतवाडीतल्या परसात किती असतील, याचा अशा चिकाटीनं कुणी शोध घेतला तर काय काय निघेल!

आपल्याकडचं काम तसं जुनं आहे. इस्किओडॉन स्कुटेलॅरिसला नाव दिलं फॅब्रिशियसनं, १८०५ मध्ये. पॅरागस सेराटस या चिमुकल्या माशीलाही त्यानं त्याच वर्षी. १९२३ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत एन्रिको ब्रुनेट्टीचा सिरफिडवरचा खंड निघाला. ब्रुनेट्टी मूळचा संगीतातला माणूस. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या माश्यांवर त्यानं वर्षानुवर्षं काम केलं. शंभर वर्षं उलटली तरी भारतातल्या अभ्यासकाला अजून तो खंड उघडावा लागतो. नंतरच्या काळात धारवाडच्या कृषी विद्यापीठात काम केलेले कुमार घोरपडे यांनी भारतीय उपखंडातल्या सिरफिड जातींच्या याद्या अद्ययावत केल्या, कित्येक घोटाळे निस्तरले. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं केंद्र आहे. म्हणजे पाया आहे. नाही ते मधलं पुस्तक, ब्रुनेट्टीच्या कोष्टकांतून उतरवून शेताच्या बांधावर उघडता येईल असं, मराठीत, आपल्या तीस-चाळीस नेहमीच्या माश्यांचं, आणि प्रत्येकीपुढे "इथपर्यंत फोटोवरून, याच्या पुढे नाही" असं स्पष्ट लिहिलेलं. माझी खात्री आहे की ते लिहिता येईल, आणि त्यासाठी लागणारे फोटो हौशी लोकांच्या मोबाइलमध्ये आत्ताही पडून आहेत.

तोवर नोंद नीट ठेवावी. फोटोबरोबर गाव, तारीख, फूल कोणतं, माशी नर की मादी, आणि जिथवर खात्री तिथवरचंच नाव. पॅरागससारख्या पाच मिलिमीटरच्या माशीत हे विशेष पाळावं. तिच्या डोळ्यांवर पांढऱ्या केसांचे उभे पट्टे असतात, आणि सेराटसच्या स्कुटेलमच्या मागच्या कडेला करवतीचे दाते. पण दाते असलेली दुसरीही जात आहे, क्रेन्युलॅटस, आणि त्यांच्यातला निवाडा नराच्या जननेंद्रियावर होतो. "पॅरागस, दातेरी स्कुटेलम" ही नोंद उद्याच्या अभ्यासकाला वापरता येते. खात्री नसताना ठोकून दिलेलं "सेराटस" त्याला खोडून काढावं लागतं.

आणि दिवाळीनंतर, शेवंती आणि तुळस फुलावर असताना, मग मोहरी आणि कोथिंबिरीवर, एका गोष्टीवर डोळा ठेवावा. स्फीरोफोरियाच्या मादीची जात तिच्यावरून कळत नाही, हे वर आलंच. पण मिलनात असलेली जोडी सापडली तर नराच्या टोकावरून जात ठरवता येते, आणि बरोबरची मादीही बहुधा त्याच जातीची. अशी जोडी दिसली तर हालचाल न करता आधी दोघांचा एकत्र फोटो घ्यावा, मग नराच्या पोटाचं टोक बाजूनं, मग मादीचं पोट, स्कुटेलम आणि छातीच्या कडेची पिवळी रेघ कुठवर जाते ते. नर हाती लागला तर तो अल्कोहोलमध्ये ठेवून जवळच्या महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात द्यावा, बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घालून: गाव, तारीख, फूल, आणि "मादीसह जोडीत".